तापलेल्या इंजिनात पाणी ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

उसाचा हंगाम भरात असला की कुर्डुवाडीहून टेंभुर्णीकडे, बार्शीकडे किंवा पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य हटकून दिसते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे जोडलेला जुना ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा असतो, त्याच्या तोंडातून वाफ निघत असते आणि चालक हातात प्लॅस्टिकचा कॅन घेऊन जवळच्या विहिरीची वा हातपंपाची वाट शोधत असतो. अर्ध्या तासाने पाणी येते, ते ओतले जाते, ट्रॅक्टर पुढे निघतो आणि दोन कोसांवर पुन्हा थांबतो. चालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले असते : "गाडी जुनी झाली, तापणारच."

प्रस्तुत लेखकाचे या उत्तराविषयी काही म्हणणे आहे. इंजिन जुने झाले म्हणजे ते तेल थोडे अधिक खाईल, धूर थोडा अधिक सोडील, त्याची ओढ कमी होईल. हे सर्व मान्य. पण तापणे हा वयाचा गुण नव्हे. तापण्यास प्रत्येक वेळी काही तरी कारण असते, ते बहुधा शोधून काढता येते आणि पुष्कळदा फार खर्च न करता दूरही करता येते. कारण न शोधता पाणी ओतीत राहणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून वैद्याला न बोलावण्यासारखे आहे.

वास्तविक इंजिन आणि पाणी यांचा संबंध कुर्डुवाडीकरांना तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. १८९७ साली कुर्डुवाडी, म्हणजे त्या काळचे बार्शी रोड स्थानक, आणि बार्शी यांच्या दरम्यान अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वेची गाडी प्रथम धावली. पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली, आणि कुर्डुवाडीला तिचा कारखाना झाला. या भागात अशी घरे अनेक आहेत की ज्यांच्या मागील पिढीतील कोणी ना कोणी त्या कारखान्यात किंवा इंजिनावर नोकरीस होते. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : बॉयलरमध्ये जड पाणी गेले की आत चुन्याचा थर बसतो, थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही आणि पत्रा जळतो. म्हणून ठराविक मुदतीने बॉयलर रिकामा करून धुतला जाई. अरुंद रूळ आता राहिले नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात ते मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले. पण त्याबरोबर ती जाणही गेली असे दिसते. आजोबा बॉयलर धुवीत होते आणि नातू ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी रोज ओततो आहे.

इंजिन तापते म्हणजे काय होते, हे आधी थोडक्यात पाहू. जाळलेल्या इंधनातील उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता कामी येते, तितकीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली बहुतेक इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. हे पाणी पंपाच्या जोराने सिलिंडरभोवती फिरते, तापते, वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या होजमधून परत इंजिनात जाते. साधारणतः ८० ते ९५ अंश सेंटिग्रेड ही त्याची ठीक अवस्था. म्हणजे इंजिन गरम असणे हा दोष नाही, ते गरमच असले पाहिजे. या चक्रात पाणी कमी पडले, पाण्याची वाट अडली, वाऱ्याची वाट अडली किंवा मुळात उष्णताच प्रमाणाबाहेर निर्माण झाली, तर काटा लाल खुणेकडे सरकतो. कारणे या चार घरांतलीच असतात. शोधणाऱ्याने आधी घर ओळखावे, मग खोली.

घर ओळखण्यास पान्याची गरज नसते, प्रश्नांची असते. सर्वांत मोलाचा प्रश्न असा : इंजिन तापते केव्हा?

उभ्या उभ्या किंवा मंद चालीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना निवते, अशी तक्रार असेल तर वाऱ्याकडे पाहावे. जीपगाड्यांत हे फार आढळते. बाजाराच्या गर्दीत काटा चढतो, गावाबाहेर पडताच उतरतो. पंख्याचा पट्टा ढिला असतो, किंवा पंख्याभोवतीचे आवरण मोडून काढून टाकलेले असते. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. साधारण अर्धा ते पाऊण इंच दबला तर ठीक, अधिक दबला तर तो घसरत आहे. पट्टा चकाकत असेल तर तो घसरून गुळगुळीत झाला आहे असे समजावे. ज्वारीच्या मळणीवर तासन्तास उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची गोष्टही याच घरातली. तेथे रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसतो, त्यावर कुठून तरी झिरपणारे तेल लागते आणि दोन्हींचा असा लेप होतो की वाऱ्याला शिरण्यास जागा उरत नाही. हा लेप पाण्याने धुवावा, पण पंख्याकडून पुढच्या बाजूस पाणी मारावे. पुढून मारले तर घाण आणखी आत ठासली जाते. पाण्याचा जोरही बेताचा ठेवावा, नाही तर पातळ पंख वाकतात आणि एक दोष घालवताना दुसरा पदरी पडतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हंगामात आपले ट्रॅक्टर नवरदेवासारखे सजतात. देवाचे नाव, मुलाचे नाव, गोंडे, झालरी, रंगीत पट्ट्या, सर्व काही असते, आणि त्यातले निम्मे नेमके रेडिएटरच्या समोर बांधलेले असते. हौसेला मोल नाही हे खरे; पण मुलाचे नाव चाकावरील पत्र्यावरही शोभून दिसते.

याउलट रिकामा ट्रॅक्टर तापत नाही, पण ओझे जोडून अर्धा तास गेला की तापतो, अशी तक्रार असेल तर रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्याचा संशय घ्यावा. रिकाम्या फेरीत थोड्या नळ्या पुरतात, भरल्या फेरीत पुरत नाहीत. वेगाने चालवतानाच तापत असेल तर खालचा होज तपासावा. हा होज पंपाच्या ओढीच्या बाजूस असतो. त्याचे रबर मऊ पडले किंवा आतील स्प्रिंग गंजून नाहीशी झाली, तर इंजिनाचा वेग वाढताच होज आत चिपतो आणि पाणी अडते. गाडी बंद असताना हाच होज अगदी निर्दोष दिसतो, म्हणून तो इंजिन चालू असताना, पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवून, नुसत्या नजरेने पाहावा.

थंड इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, पाणी उसळून बाहेर पडले, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. हेड गॅस्केट फुटले असेल किंवा हेडला चीर गेली असेल आणि सिलिंडरमधील धूर पाण्यात शिरत असेल. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी तेलात उतरले आहे. धुरातून सारखी पांढरी वाफ येत असेल आणि बाहेर कोठेही गळती न दिसता पाणी कमी होत असेल, तरी संशय तोच. अशा वेळी ट्रॅक्टर जागीच उभा करावा. आणखी एक खेप टाकून मग पाहू, असे म्हणणाऱ्यांनी त्या एका खेपेपायी अख्खे इंजिन घालवल्याची उदाहरणे या तालुक्यात कमी नाहीत.

आता एक प्रत्यक्ष हकिगत सांगतो. कुर्डुवाडीपासून फार दूर नसलेल्या एका गावातील शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर दोन हंगाम तापत होता. मिस्त्रीने इंजिन उतरवण्याचा सल्ला दिला होता आणि त्यासाठी शेतकरी एक म्हैस विकण्याच्या बेतात होता. ऊस तोडून फडात पडलेला, गाडी बंद. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचे वजन घटते, साखरही घटते, हे येथील वाचकांना सांगायला नको. आम्ही गेलो तेव्हा आधी कशालाही हात न लावता विचारपूस केली. रिकामा असताना तापतो का? नाही. सकाळी सुरू करताच बुडबुडे येतात का? नाही. तेल पाहिले, स्वच्छ काळे होते, दुधाळ नव्हते. तेव्हा गॅस्केटवरचा संशय फिटला आणि म्हैस निदान त्या दिवसापुरती वाचली. जाळी धुतली, पट्टा ताणला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग ट्रॅक्टर ओझ्यावर चालवून आणला, इंजिन बंद केले, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या अंगावरून बेताने हात फिरवला. वरचा भाग पोळणारा आणि मधला मोठा पट्टा जवळजवळ गार! ज्या नळ्यांतून पाणीच जात नाही त्या गारच राहणार.

शहरातील रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने वरची टाकी उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या, गंजाने तांबूस झालेल्या खड्याने बुजलेली होती. त्याने सळई घालून त्या मोकळ्या केल्या आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवली. ट्रॅक्टर तापण्याचा थांबला.

गोष्ट येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खडा आला कोठून, हा प्रश्न शिल्लक होता. पाण्याच्या पंपाचे सील झिजले होते आणि त्यातून दिवसाकाठी तांब्याभर पाणी गळत होते. तेवढे पाणी चालक रोज सकाळी शेतातील विहिरीचे भरीत असे. एकदाच भरलेल्या पाण्यात क्षार असतात तेवढेच असतात. ते एकदा बसले की संपले. पण गळते रेडिएटर रोज भरले म्हणजे रोज नवे क्षार आत जातात, आणि उडून जाणारी वाफ ते बरोबर नेत नाही. दोन वर्षे रोजचा तांब्या, आणि त्यातला चुना जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे खरे दुखणे रेडिएटरचे नव्हते, पंपाच्या एका लहानशा सीलचे होते. ते बदलले नसते तर साफ केलेला रेडिएटर पुन्हा दोन-तीन वर्षांत बुजला असता आणि तेव्हाही आपण म्हटले असते की गाडी जुनी झाली.

आपल्या काळ्या खडकातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा पापुद्रा धरतो, ते पाणी रेडिएटरला घालू नये. एवढी परीक्षा प्रत्येक घरातील गृहिणीला ठाऊक असते. चालकाने तिला विचारावे. चुन्याच्या थरातून उष्णता ओतीव लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी कमी वाहते, त्यामुळे नखाएवढा थरसुद्धा सिलिंडरला पांघरुणासारखा होतो. मग भरावे कोणते? पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरींनी छपराचा पत्रा धुऊन निघाल्यावर त्यावरून पडणारे पाणी फडक्यातून गाळून दोन-चार कॅन भरून ठेवावे. वर्षभराचे काम होते आणि खर्च शून्य. बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी उत्तमच. गावात शुद्धीकरण यंत्राचे पिण्याचे पाणी मिळत असेल तर तेही विहिरीच्या पाण्यापेक्षा बरे. मात्र त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वापरू नये, कारण सारे क्षार त्यातच एकवटलेले असतात. परंतु नुसत्या शुद्ध पाण्याने चुना बसला नाही तरी लोखंड गंजते. म्हणून त्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावे आणि ते डब्यावर दिलेल्या मुदतीने बदलावे. कूलंट चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये आणि गोठ्याजवळ ओतू नये. कुत्रे, वासरू, लहान मूल यांपैकी कोणीही त्याला तोंड लावू शकते.

धुण्याच्या सोड्याचे पाणी रेडिएटरमध्ये फिरवून तो धुण्याची पद्धत जुनी आहे. तिने तेलकट मळ सुटतो, पण घट्ट बसलेला चुना फारसा निघत नाही. शिवाय ज्या इंजिनाचे हेड किंवा रेडिएटर ॲल्युमिनियमचे आहे तेथे सोडा धातूच खातो. आम्ल घालणे तर त्याहून वाईट. काही जण ते घालतात आणि रेडिएटर खरोखर साफ होतो. इतका साफ की नळ्यांना भोके पडतात.

त्याच ट्रॅक्टरमध्ये आम्हांला आणखी एक गोष्ट आढळली. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. दोन वर्षांपूर्वी गाडी तापू लागली तेव्हाच तो काढून फेकून देण्यात आला होता. हा प्रकार इतका सार्वत्रिक झाला आहे की याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या दारावरचा पहारेकरी. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेले की ती उघडू लागतो. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, हे खरे. म्हणून तो बदलावा. काढून टाकू नये. तो नसला की इंजिन योग्य उष्णतेवर यायला फार वेळ लागतो, हिवाळ्याच्या सकाळी तर ते येतच नाही. डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळालेले इंधन तेलात उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. गंमत अशी की काही इंजिनांच्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना एक आडवाट बंद करीत असतो. तो काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते आणि पुष्कळसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते. म्हणजे तापू नये म्हणून काढलेला थर्मोस्टॅट इंजिनाला अधिकच तापवतो. थर्मोस्टॅट बरा की वाईट हे पाहण्यास पातेले, पाणी आणि उष्णतामापक एवढे पुरे. तो दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पाणी तापवावे आणि त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागतो की नाही ते पाहावे.

रेडिएटरच्या झाकणाचीही अशीच उपेक्षा होते. ते हरवले की तेथे चिंधी कोंबली जाते. परंतु ते साधे बूच नसून दाब धरणारे झाकण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरच्या आपल्या भागात उघडे पाणी १०० अंशांना नव्हे तर सुमारे ९८ अंशांनाच उकळते. सात पौंड दाब धरणारे झाकण असेल तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात एवढा अवकाश हाताशी असणे आणि नसणे यांत पुष्कळ अंतर आहे.

मात्र याच दाबामुळे तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे हे प्राणघातक ठरू शकते. आत दाबून धरलेले पाणी झाकण सुटताच एकदम वाफ होऊन उसळते. लेखकाने एका अठरा-एकोणीस वर्षांच्या चालकाचा चेहरा, गळा आणि उजवा हात अशा रीतीने भाजलेला पाहिला आहे. त्याच्या मालकाला कारखान्याच्या रांगेतील नंबर चुकण्याची घाई होती. नंबर चुकलाच, आणि त्या मुलाचा हंगामही गेला. काटा लाल खुणेवर गेल्यास ट्रॅक्टर बाजूला घ्यावा, ओझे नसताना इंजिन काही मिनिटे मंद चालू द्यावे म्हणजे पंप व पंखा उष्णता वाहून नेत राहतील. पण पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर इंजिन तात्काळ बंद करावे. मग थांबावे. वरचा होज हाताने सुखाने धरता येईपर्यंत झाकणास हात लावू नये. नंतरही जाड फडके धरून, तोंड बाजूला करून, झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि फसफस थांबल्यावर काढावे. कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, हेडला चीर जाते. आणि चालकांनी एक विसरू नये : पाणी पार निघून गेले तर उष्णता दाखवणारा काटा कधी कधी चढण्याऐवजी उतरतो, कारण त्याचे टोक पाण्यात राहिलेले नसते. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये.

चौथ्या घराचा, म्हणजे मुळातच अधिक उष्णता निर्माण होण्याचा विषय लोकांना अप्रिय आहे, कारण तेथे दोष यंत्राचा नसून मालकाचा असतो. पस्तीस अश्वशक्तीच्या, तीस वर्षे झालेल्या ट्रॅक्टरला दोन भरगच्च ट्रॉल्या लावायच्या, ओढ कमी पडते म्हणून डिझेल पंपाची सेटिंग वाढवून घ्यायची, काळा धूर सोडीत चढ चढायचा आणि मग तो तापतो म्हणून कपाळाला हात लावायचा! चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन दाबून चालवणे ही आणखी एक सवय. त्यात इंजिनाचा वेग पडतो, त्याबरोबर पंखा आणि पंपही मंदावतात, आणि उष्णता मात्र पूर्ण ओझ्याची असते. एक गिअर खाली घ्यावा. जाम झालेले ब्रेक, इंधन सोडण्याची चुकलेली वेळ, कमी पडलेले तेल हीही याच घरातील कारणे होत. ऐशर बनावटीच्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत रेडिएटर नसतोच. तेथे सिलिंडरवरील पंख व वाऱ्याची वाट स्वच्छ ठेवणे हेच सर्वस्व.

मिस्त्री मंडळींवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. त्यांना बोलावणे जाते ते वाफ निघाल्यावर, तेही रस्त्यावर, तेही "तासाभरात चालू करून द्या" अशा तगाद्यासह. अशा वेळी थर्मोस्टॅट काढून टाकणे हाच त्यांना झटपट मार्ग दिसतो. शिवाय आपण पैसे देतो ते बदललेल्या भागाचे. मिस्त्रीने तासभर नुसते पाहिले, विचारले, हात फिरवला आणि "काही बदलायचे नाही, जाळी धुवा" असे सांगितले, तर त्याच्या हातावर चहाचे पैसे ठेवून आपण त्याला वाटेला लावतो. तपासणीची मजुरी द्यायला आपण तयार नसतो, म्हणून आपल्याला तपासणी मिळत नाही. भाग बदलून मिळतात.

आता गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींशी दोन शब्द. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली तेव्हापासून आपल्या कामाची चौकट बी, खत, कीड आणि पाणी यांभोवती आखली गेली. यंत्र हा मिस्त्रीचा प्रांत मानला गेला, आणि त्या काळी ते ठीकही होते, कारण नांगर बैल ओढीत होते. आज कुर्डुवाडीच्या परिसरात बैलजोडी शोधावी लागते. ज्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या आठवड्यात बंद पडला त्याला उत्तम बियाण्याचा सल्ला काय उपयोगाचा? "आम्ही इंजिनियर नाही" असे काही सहकारी म्हणतात. नसू द्या. जनावराच्या डॉक्टराला बोलावण्यापूर्वी गाय रवंथ करते का, शेण कसे टाकते, एवढे तर आपण विचारतोच. तसेच येथे केव्हा तापते, किती वेळात तापते, पाणी किती लागते, तेल कसे दिसते, हे चार प्रश्न विचारता आले तरी निम्मे काम होते. पाणी किती लागते हा प्रश्न तर चालकाला रोज विचारण्यासारखा आहे. ट्रॅक्टरच्या पेटीत एक लहान वही ठेवावी आणि ज्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी घालावे लागले तो दिवस व किती घातले ते लिहावे. सुस्थितीतील इंजिनाला आठवडेच्या आठवडे पाणी लागत नाही. वहीत रोज तांब्या लिहिला जाऊ लागला की गळती आहे, हे आपोआप समोर येते.

जुना ट्रॅक्टर कधीच टाकू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ब्लॉकलाच चीर गेली असेल, किंवा दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर मन घट्ट करावे. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा. बी-२७५ किंवा १०३५ यांसारखी जुनी यंत्रे आजही शेतात नांगर ओढताना दिसतात. त्यांचे भाग मिळतात आणि त्यांची रचना साधी असल्यामुळे ती गावातच उघडता येतात.

वर सांगितलेल्या शेतकऱ्याने पंपाचे सील, थर्मोस्टॅट आणि झाकण असे तिन्ही बदलले. एकूण खर्च इंजिन उतरवण्याच्या अंदाजाच्या फार खाली राहिला आणि म्हैस गोठ्यातच आहे. परवा त्याच्याकडे जाणे झाले तेव्हा पेटीतील वही पाहिली. पहिल्या महिन्यात पाण्याची एकही नोंद नव्हती, दुसऱ्या महिन्यात एक होती : अर्धा तांब्या. त्याने वरच्या होजची पट्टी आवळली आहे आणि पुढची नोंद कधी येते याची तो वाट पाहतो आहे.